कोपराच्या मापाचं टेबल

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



तुमच्यापैकी कितीतरी जणी हातातलं काम करता करताच हे ऐकत असतील. कोणी चाळीसमोर बसून कांदा निवडत असेल, कोणी लसूण सोलत असेल, कोणी गटाच्या वह्या पुढ्यात घेऊन बसली असेल. मी पुढं बोलण्याआधी एक करा. हात आहे तिथंच थांबवा आणि स्वतःकडे बघा. पाठ कशी आहे? मान किती झुकली आहे? गुडघे किती वेळापासून दुमडलेले आहेत? आता उठून उभ्या राहा बरं. उठताना जमिनीला हात टेकावा लागला का? तोंडातून 'आई गं' निघालं का?

निघालं असेल तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे. उभ्यानं काम करायचं टेबल घरच्या घरी आणि थोडक्या पैशात कसं करायचं, ते आज सांगणार आहे. शहरातल्या ऑफिसांमध्ये अशी टेबलं आता हौसेनं विकत घेतात. दिवसभर खुर्चीत बसून तिथल्या लोकांची कंबर धरते, म्हणून ते उभं राहून कॉम्प्युटर चालवतात. आपल्याकडे कंबर धरायला खुर्ची लागत नाही. कांद्याची निवड, शेंगा फोडणं, पापड लाटणं, कापड बेतणं, हिशेब लिहिणं, सगळं जमिनीवर. काम जमिनीवर असतं आणि आपण त्याच्याकडे वाकतो. आजच्या बोलण्याचं सार एवढंच, की काम वर घ्यायचं, आणि किती वर घ्यायचं ते आपल्या कोपरानं ठरवायचं.

पाठ का दुखते

आधी एक गैरसमज काढून टाकू. जमिनीवर बसणं वाईट नाही. मांडी घालणं, उकिडवं बसणं यानं सांधे मोकळे राहतात. वाईट आहे ते तासन् तास एकाच बैठकीत, पुढं झुकून राहणं.

घागरीचं उदाहरण घ्या. भरलेली घागर कमरेवर, अंगाशी धरली तर आपण ती विहिरीपासून घरापर्यंत आणतो. तीच घागर हात लांब करून धरायला सांगितली तर दहा पावलंही जाता येणार नाही. वजन तेच, पण अंगापासून दूर गेलं की जड होतं. आता आपलं डोकं, दोन्ही हात आणि धड मिळून शरीराचं अर्ध्याहून जास्त वजन कमरेच्या वर असतं. ताठ उभं असताना हे वजन मणक्यांवर सरळ पेललं जातं. पुढं झुकलं की ते सगळं लांब धरलेल्या घागरीसारखं होतं, आणि पाठीचे स्नायू दोर ओढावा तसे ते मागून ओढून धरतात. हातात काही नसलं तरी. पाव किलोचा कांदा उचलणारी बाई खरं तर स्वतःचं अर्धं अंग पेलत असते, तेही चार-पाच तास.

मग आपण म्हणतो, काम तर हलकंच होतं, मग कंबर का मोडली?

एका गवंड्याची आणि त्याच्या बायकोची गोष्ट

हाच प्रश्न एका माणसाला पडला होता. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा एक तरुण १८८५ साली वीटकाम शिकायला लागला. त्यानं बघितलं, की गवंडी प्रत्येक विटेसाठी खाली वाकतो. वीट असते दोन-सव्वादोन किलोची. पण ती घ्यायला तो आपलं सगळं अंग खाली नेतो आणि परत वर आणतो, दिवसातून शेकडो वेळा. गिलब्रेथनं अशी परांची केली, की भिंत वाढेल तशी ती वर घेता येईल आणि विटा व माल गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर एका फळीवर राहतील. त्या फळीमुळं आणि कामातल्या आणखी काही सुधारणांमुळं एक वीट बसवायला आधी १८ हालचाली लागत होत्या, त्या ५ वर आल्या. तासाला १२० विटा बसवणारा माणूस ३५० बसवायला लागला. फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ सालच्या पुस्तकात हे नोंदवलेलं आहे.

या गिलब्रेथची बायको लिलियन. बारा मुलांची आई आणि स्वतः इंजिनियरिंगच्या कामात नवऱ्याच्या बरोबरीची. १९२४ साली नवरा वारला. नवऱ्याबरोबर काम देणाऱ्या कारखान्यांना एकटीला काम देणं नको होतं. मग तिनं स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. ओटा किती उंच असावा, शेगडी आणि मोरी कुठं असावी, बाईला पावलं किती टाकावी लागतात, याचा तिनं अभ्यास केला. तिचं सांगणं असं होतं, की ओट्याची उंची तिथं काम करणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरवावी.

आपल्याकडेही ही अक्कल जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणीचा जुना खड्डा माग ज्यांनी बघितला असेल, त्यांना आठवेल. माग जमिनीलगत असतो आणि विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. पाय पावड्यांवर असतात, आणि कापड बरोबर हाताच्या उंचीला येतं. तिथं काम वर घेतलं नाही, पाय खाली नेले. पण हिशेब तोच. हात जिथं सहज राहतो, तिथं काम आलं पाहिजे.

आमच्या गटाची चूक

आता आमची गोष्ट सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आमच्या गटानं पापड-मसाल्याच्या कामासाठी एका ताईंच्या पडवीत ओटा बांधला. गवंड्यानं विचारलं, उंची किती ठेवू? आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि म्हटलं, ठेवा दादा नेहमीसारखी. त्यानं स्वतःच्या अंदाजानं सव्वातीन फूट ठेवली. तो उंच माणूस. आमच्यात बहुतेक जणी पाच फुटांच्या आतबाहेर. काम करताना आमचे खांदे कानाला लागायला लागले. पंधरा दिवसांत बायका परत खाली बसल्या आणि ओट्यावर डबे, गोण्या आणि जुने फ्लेक्स जाऊन बसले. वर ऐकून घ्यावं लागलं, की बायांना उभ्यानं कामाची सवयच नाही.

खरं तर सवयीचा प्रश्नच नव्हता. माप चुकलं होतं, आणि माप चुकलं कारण ज्यांना तिथं राबायचं होतं त्यांना कोणी मोजलंच नव्हतं. आम्ही स्वतःसुद्धा नाही.

सुतळीनं माप कसं घ्यायचं

म्हणून पहिलं काम मापाचं. त्याला टेपही लागत नाही. एक सुतळी आणि एक शेजारीण पुरे.

ज्या चपला घालून काम करता त्या घाला, अनवाणी करत असाल तर अनवाणी राहा. सरळ उभ्या राहा, पण ताठर नको. खांदे सैल सोडा. दंड अंगाला लागू द्या आणि हात कोपरात काटकोनात वाकवा, ताट धरल्यासारखा. आता शेजारणीला सांगा, कोपराच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत सुतळी धर. जिथं कोपर आलं तिथं गाठ मारा. ही तुमची पहिली गाठ. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप साधारण ३७-३८ इंच भरतं, पण तुमचं तुम्ही मोजा.

आता कामाप्रमाणे उंची ठरते. तीन प्रकार लक्षात ठेवा.

लिहिणं, सुईत दोरा ओवणं, भरतकाम, म्हणजे डोळे बारीक करून करायचं काम कोपराच्या उंचीला किंवा दोन बोटं वर घ्यायचं. खाली घेतलं तर मान मोडते.

कांदा-द्राक्ष निवडणं, भाजी चिरणं, कापड बेतणं, पाकिटं भरणं, म्हणजे हात चालवायचं हलकं काम कोपराच्या चार बोटं खाली. इथं दुसरी गाठ मारा.

कणीक किंवा पापडाचं पीठ मळणं, लाटणं, दाबणं, म्हणजे अंगाचा जोर लावायचं काम कोपराच्या वीतभर खाली. इथं तिसरी गाठ. जोर लावताना वरून वजन टाकता आलं पाहिजे.

आणि यातली एक बारीक गोष्ट, जी आम्ही सुरुवातीला विसरलो. मोजायची ती हात जिथं चालतो ती उंची. टेबलावर परात ठेवली, परातीत पीठ आलं, तर हात टेबलाच्या चार-पाच इंच वर चालतो. तेवढं टेबल आणखी खाली हवं. म्हणूनच ओट्यावर शेगडी आणि शेगडीवर मोठं पातेलं आलं, की ढवळताना खांदा दुखतो. ओटा बरोबर असतो, पण हात वर गेलेला असतो.

गटात सगळ्या सारख्या उंचीच्या नसतात. मग टेबल कोणाच्या मापाचं करायचं? सगळ्यांत उंच बाईच्या. बुटक्या बाईच्या पायाखाली फळी देता येते, उंच बाईचे पाय कापता येत नाहीत. आमचा तो सव्वातीन फुटी ओटा आम्ही असाच वाचवला. मालाच्या गाडीबरोबर आलेली दोन लाकडी पॅलेट मागून घेतली, फटींत पाय अडकू नये म्हणून वर जुना प्लाय ठोकला आणि ओट्यासमोर टाकली. पाच इंच उंची मिळाली आणि डबे-गोण्या खाली आल्या. पण फळी घालाल तर ओट्याइतकी लांब आणि निदान दोन फूट रुंद घाला. पाटावर उभं राहून काम करू नका. मागं पाऊल टाकलं की पडायला होतं.

आधी फुकटचं टेबल

आता बांधायचं कसं? माझा सल्ला, लगेच गवंड्याला बोलवू नका. आधी आठवडाभर फुकटच्या टेबलावर काम करून बघा.

आपल्या भागात ज्या घरी टोमॅटो किंवा द्राक्षं होतात, त्या घरी प्लॅस्टिकची कॅरेटं असतातच. एकावर एक तीन कॅरेटं, अशा दोन थप्प्या भिंतीला लावून उभ्या करा. कॅरेट कॅरेटवर नीट बसलं पाहिजे, एकाच कंपनीची घेतलीत तर बसतात. उन्हानं तडकलेली, कडा तुटलेली घेऊ नका. खालच्या दोन कॅरेटांत विटा किंवा दगड भरा, म्हणजे थप्पी हलणार नाही. मग प्रत्येक थप्पी वरपासून खालपर्यंत सुतळीनं आवळून बांधा. वर जुन्या दाराची फळी किंवा जाड प्लाय टाका आणि तोही कॅरेटांना बांधा. उंची थोडी कमी पडली तर थप्पीखाली फरशीचे सपाट तुकडे घाला. सुट्या विटांवर थप्पी उभी करू नका. घरात लहान मूल असेल तर ते फळीला लोंबकळून बघणारच, तेव्हा बांधताना हात आखडता घेऊ नका.

आठवडाभर रोज संध्याकाळी बघा, काय दुखतं. खांदे आणि मानेच्या दोन्ही बाजू दुखत असतील तर टेबल उंच झालं. कंबर किंवा मानेचा मागचा भाग दुखत असेल तर टेबल ठेंगणं झालं. पोटऱ्या आणि टाचा दुखत असतील तर उंची ठीक आहे, तुम्ही एकाच जागी फार वेळ उभ्या राहताय. इंचा-दोन इंचांचा फरक करून बघा. सुतळीची गाठ सरकवा. जी उंची अंगाला पटेल, ती भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. ती तुमची उंची.

मग पक्कं टेबल

आठवड्यानंतर वाटलं की हे कायमचं हवं, तर विटा आणि कडप्प्याचं टेबल सगळ्यांत टिकाऊ. लिहून घ्या.

चार फूट लांब आणि दोन फूट रुंद एक कडप्पा. नवाच पाहिजे असं नाही. कोणाचा जुना ओटा मोडला तर त्याचा निघतो, फक्त तडा गेलेला नको. बोटानं टकटक करून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर सोडा. नऊ इंची विटा चाळीस, तुटफूट धरून पंचेचाळीस. सिमेंटची अख्खी गोणी लागत नाही. गावात कोणाचं बांधकाम चालू असेल तर उरलेलं सिमेंट आणि वाळू मिळते. गोणी फोडून फार दिवस झालेलं, गाठी धरलेलं सिमेंट घेऊ नका.

कडप्पा दोन आखूड भिंतींवर बसतो. प्रत्येक भिंत एका विटेच्या जाडीची, म्हणजे चार इंची, आणि दीड फूट रुंद. थराला दोन विटा, आणि साधारण तीन फुटांना नऊ-दहा थर. दोन्ही भिंतींची मागची बाजू घराच्या भिंतीला टेकवा, म्हणजे ओढलं-ढकललं तरी टेबल हलत नाही. कडप्प्याच्या दोन्ही टोकांपासून सहा-सहा इंच आत या भिंती घ्या. अगदी टोकांना घेतल्या तर मधलं अंतर वाढतं आणि कडप्पा मधोमध तडकू शकतो.

कडप्पा दोन फूट रुंद आणि खालची भिंत दीड फूट. म्हणजे पुढच्या बाजूला अर्धा फूट मोकळा राहिला. हा मोकळा भाग मुद्दाम ठेवायचा. तिथं पायाचे चवडे आत जातात आणि आपल्याला टेबलाला चिकटून उभं राहता येतं. चवडे बाहेर अडले, की बाई मागं उभी राहते आणि परत वाकते.

जमीन कोब्याची किंवा फरशीची असेल तर भिंत सरळ वर घ्या. शेणाची जमीन असेल तर खाली अर्धा फूट खोदून, मुरूम टाकून धुमसून घ्या, नाहीतर पावसाळ्यात एक बाजू बसते. विटा लावण्याआधी पाण्यात भिजवा. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. ओळंबा लावा, आणि दोन्ही भिंतींचा माथा पाणसळीनं एका पातळीत आणा. उंची मोजताना कडप्प्याची जाडी धरायला विसरू नका. भिंतीवर खडूनं लिहिलेली उंची ही कडप्प्याच्या वरच्या पाठीची आहे. बांधल्यावर सात दिवस विटांना पाणी मारा आणि तोवर वर काही ठेवू नका. कडप्प्याची पुढची कड घासून गोल करून घ्या, म्हणजे हाताला लागत नाही. कांदा, लसूण घरंगळू नये म्हणून पुढच्या कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी लावता येते.

या टेबलावर दोन गोष्टी करायच्या नाहीत. त्यावर कुटायचं नाही, आणि माळ्यावरचं काढायला त्यावर चढायचं नाही. कडप्पा दगड आहे, तो वाकत नाही, एकदम तुटतो. गॅसची शेगडी ठेवायची असेल तर दगडाचं टेबल चांगलंच. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, हा सुरक्षेचा नियम आहे. जमिनीवर शेगडी आणि शेजारी उभं सिलिंडर, असं कोणाकडे असेल तर त्यांनी हे टेबल आधी करावं.

घर लहान असेल, भाड्याचं असेल, तर तिसरी रीत. भिंतीवर मिटणारी फळी. पाऊण इंची प्लायचा दोन फूट बाय दीड फूट तुकडा घ्या. भिंतीत प्लग मारून आधी एक लाकडी पट्टी पक्की बसवा. त्या पट्टीला तीन बिजागऱ्यांनी फळी जोडा, आणि दोन्ही बाजूंनी साखळ्या वर भिंतीला तिरप्या बांधा. काम झालं की फळी खाली सोडायची, जागा मोकळी. ही फळी पक्क्या भिंतीवरच लावा. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत. आणि ती फक्त लिहिण्यासाठी, शिवणाच्या किरकोळ कामासाठी आहे. तिच्यावर पाट्याचं, मळण्याचं काम करायचं नाही.

गटाच्या दप्तरासाठी मात्र ही फळी फार उपयोगी. आपल्या पंचसूत्रीत हिशेब वेळेवर लिहिणं आहे. पण ते लिहिणारी सचिव ताई बैठक संपल्यावर तासभर जमिनीवर वह्यांवर ओणवी असते, हे कोणी बघत नाही. कर्जाची वही, बचतीची वही, इतिवृत्त, सगळ्या जणींची पासबुकं. कोपराच्या उंचीची एक फळी बैठकीच्या जागी लावली, तर तिची मानही वाचेल आणि आकडाही चुकणार नाही.

उभं राहण्याचीही रीत असते

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. टेबल झालं म्हणून दिवसभर उभ्या राहू नका. एका जागी न हलता उभं राहिलं, की रक्त पायांत साठतं. चालताना पोटऱ्या आवळतात आणि रक्त वर ढकलतात. उभं राहून पाय हललेच नाहीत तर ते होत नाही. पाय सुजतात, ज्यांना पायाच्या शिरा फुगण्याचा त्रास आहे त्यांचा त्रास वाढतो.

म्हणून अर्धा तास उभं राहिलं की बसा, अर्धा तास बसलं की उठा. टेबलाखाली एक वीट ठेवा. एक पाय विटेवर, थोड्या वेळानं दुसरा. एवढ्यानं कमरेला खूप आराम पडतो. कडक फरशीवर उभं राहत असाल तर गोणपाटाची चार पदरी घडी पायाखाली घ्या, पण ती सरकणार नाही हे बघा. गरोदर बाईनं आणि पायाच्या शिरा फुगलेल्या बाईनं जवळ उंच स्टूल ठेवावं आणि टेकून-बसून काम करावं.

आणि गिलब्रेथच्या विटा आठवा. टेबल वर आणि मालाचं कॅरेट खाली जमिनीवर, असं केलंत तर प्रत्येक ओंजळीला परत वाकणं आलंच. निवडायचा कांदा शेजारी दुसऱ्या थप्पीवर, टेबलाच्या उंचीला ठेवा. मोठा माल एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, सडका तिसरीकडे, तीन रिकामी कॅरेटं हाताच्या अंतरावर. भरलेलं कॅरेट दोघींनी धरून उतरवा. तिथं वाचवलेली कंबर इथं घालवू नका.

टेबल हे औषध नाही, हेही सांगते. कंबर दुखून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल, रात्री झोप मोडत असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा. मलमावर वर्षं काढू नका.

घरात कोणी म्हणेल, हे काय नवीन फॅड? आमच्या आईनं, आजीनं जन्मभर बसूनच केलं. तर त्यांना एवढंच विचारा, साठीनंतर त्या चालत कशा होत्या? माझी आई शेवटची काही वर्षं जमिनीकडे बघत चालली. वय होतं, हाडं झिजली होती, हे खरं. पण घरातल्या बैलाचं जू, नांगराचा रुमण्या मापानं होतो, ते मी लहानपणापासून बघितलं. आईच्या मापाची एकही वस्तू घरात नव्हती, आणि ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्याही नाही.

तर या आठवड्याचं काम लिहून घ्या. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक सुतळी आणायची. एकमेकींचं कोपराचं माप घ्यायचं, तीन गाठी मारायच्या आणि सुतळीला नावाची चिठ्ठी बांधायची. मग सगळ्या सुतळ्या शेजारी शेजारी टांगून बघा. आपण एका मापाच्या नाही, हे डोळ्यांना दिसेल. कोणाच्या पडवीत, कोणत्या कामासाठी, कोणत्या रीतीचं टेबल करायचं, ते तिथंच ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. आणि गवंडी दादांनी विचारलं, उंची किती ठेवू, की हातात सुतळी द्या.

येते मी. काळजी घ्या. राम राम.